सर्किटच्या आत बघायचं कसं? मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप आणि लॉजिक अ‍ॅनालायझर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या मखराची एलईडीची पट्टी फडफडायला लागली. मध्येच एखादा दिवा हिरवा व्हायचा, मध्येच अर्धी पट्टी पांढरी पडायची. मल्टिमीटरवर सप्लाय बरोबर दिसत होता. वायरवरचे शून्य-एक वाचणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर डेटाही बरोबर दिसत होता. प्रोग्राम मी चार वेळा तपासला होता. शेवटी शेजारच्या मित्राकडून ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेबरोबर कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं उपकरण, थोडक्यात स्कोप) आणला, त्याची मोजायची तार म्हणजे प्रोब लावला आणि दहा मिनिटांत दोष सापडला.

मल्टिमीटर चुकला नव्हता, अ‍ॅनालायझरही चुकला नव्हता. कुठलं उपकरण काय दाखवतं आणि काय दाखवूच शकत नाही, हे मला माहीत नव्हतं. ते कळायला मला बराच काळ लागला, एक प्रोब जळला आणि दोन फ्यूज गेले. तुमचा तेवढा वेळ आणि खर्च वाचावा म्हणून हे क्रमाने लिहितोय. उदाहरण म्हणून तीच पट्टी शेवटपर्यंत सोबत ठेवू: डब्ल्यूएस२८१२बी जातीचे १२० एलईडी, ५ व्होल्टचा १० अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा सप्लाय) आणि डेटा पाठवणारा ईएसपी३२ बोर्ड.

आधी काय जमवायचं

- मल्टिमीटर. हा सगळ्यात आधी घ्या.
- यूएसबीवर चालणारा ८ चॅनेलचा छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर. स्वस्त मिळतो, म्हणून दुसरा क्रमांक याचा.
- दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, दोन प्रोबसह. पैसे साठवून घ्या, तोवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा मित्राकडे हात बसवा.
- प्रोबसोबत येणारी बारीक स्प्रिंग आणि छोटा प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर. पाकिटातून काढताना हेच हरवतात.
- हुकवाल्या टेस्ट क्लिप, जंपर वायर, मगर-क्लिप.
- कागदपत्रं: सर्किटचा आराखडा, प्रत्येक महत्त्वाच्या आयसीची (चिपची) डेटाशीट, उपकरणाचं मॅन्युअल, दुकानाचं बिल आणि वॉरंटी कार्ड. कारखान्यात किंवा लॅबमध्ये कामासाठी उपकरण वापरणार असाल तर एनएबीएल या मान्यता मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याचं) सर्टिफिकेट मागितलं जातं. घरच्या कामाला ते लागत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या दोन ठिकाणी यातलं बहुतेक सगळं हाताळून बघता येतं. पहिला मल्टिमीटर तरी दुकानात जाऊन घ्या. नॉबचा खटका, तारांची जाडी आणि बीपचा वेग या गोष्टी फोटोत कळत नाहीत.

१. मल्टिमीटर: आधी तारा कुठे खोचल्यात ते बघा

मीटरवर कॅट-२, कॅट-३ असं छापलेलं असतं. हा दर्जा अचूकतेचा नसून सुरक्षिततेचा आहे. भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या उपकरणासाठी कॅट-२ चालतो, घराच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात हात घालायचा असेल तर कॅट-३ हवा. अगदी स्वस्त पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्राशेजारी बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं. म्हणजे त्या वाटेत फ्यूजच नाही. असा मीटर ५ व्होल्टच्या सर्किटपुरताच ठेवा, २३० व्होल्टच्या जवळ नेऊ नका. आपल्याकडे रिशभ इन्स्ट्रुमेंट्स ही नाशिकची कंपनी मल्टिमीटर बनवते. त्यांचे किंवा तशा दर्जाचे मीटर थोडे महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे करंट मोजून झाल्यावर लाल तार त्याच छिद्रात ठेवणं आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाणं. करंटच्या छिद्रामागे अतिशय कमी रोधाचा शंट (करंट मोजायचा तुकडा) असतो, त्यामुळे तुम्ही सप्लायच्या दोन टोकांवर जवळजवळ जाड तारच ठेवता. माझे दोन्ही फ्यूज असेच गेले. तेव्हापासून करंट मोजून झाला की लाल तार लगेच व्होल्टच्या छिद्रात परत आणायची, मग मीटर बंद करायचा. त्याआधी हातातून मीटर सोडायचा नाही.

आणखी एक गोष्ट. चांगल्या मीटरचा इनपुट रोध १० मेगाओम असतो. त्यामुळे कुठेही न जोडलेल्या, पण फेजच्या वायरशेजारून जाणाऱ्या वायरवरही तो ६०-७० व्होल्ट दाखवू शकतो. असा आकडा आला तर एकदम ‘इथे करंट आहे’ किंवा ‘इथे काही नाही’ असं ठरवू नका. टेस्ट लॅम्पने खात्री करा.

२. सप्लाय मोजा, पण भार असताना आणि दोन्ही टोकांना

एसएमपीएसच्या स्क्रूवर ५ व्होल्ट दिसले म्हणून पट्टीला ५ व्होल्ट मिळतात असं नाही. पांढऱ्या रंगात पूर्ण उजळलेला एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. १२० एलईडींचे ७.२ अँपिअर झाले. पट्टीतली तांब्याची पातळ पट्टी एवढा करंट वाहताना मध्येच व्होल्टेज खाते. म्हणून सगळे दिवे पांढरे करा आणि तीन ठिकाणी मोजा: सप्लायच्या स्क्रूवर, पट्टीच्या सुरुवातीला आणि पट्टीच्या शेवटी. शेवटचे दिवे पिवळट दिसत असतील तर शेवटच्या टोकालाही वेगळ्या जाड वायरने सप्लाय द्या.

मग सगळं बंद करून बीपच्या सेटिंगवर बोर्डाचं ग्राउंड आणि पट्टीचं ग्राउंड जोडलेलं आहे का ते तपासा. सप्लाय चालू असताना बीप कधीच लावायचा नाही.

डेटाच्या वायरवर मीटर लावलात तर ०.१५ व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसेल. बरेच जण इथे घाबरतात आणि बोर्ड बदलतात. मीटर सेकंदाला दोन-चारच वेळा आकडा दाखवतो आणि तोही सरासरी. १२० एलईडींचा एक निरोप, म्हणजे सगळ्यांच्या रंगांचा डेटा, ३.६ मिलिसेकंदांत संपतो, नंतर बराच वेळ वायर शून्यावर असते. त्या सगळ्याची सरासरी लहानच येणार. वेगाने बदलणाऱ्या वायरबद्दल मल्टिमीटरच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

३. लॉजिक प्रोब: मिळाला तर ठेवा

पेनासारखं दिसणारं, टोकाला सुई आणि अंगावर दोन-तीन एलईडी असलेलं हे जुनं हत्यार. टीटीएल या जुन्या ५ व्होल्टच्या आयसींच्या नियमाने ०.८ व्होल्टच्या खाली लो, २ व्होल्टच्या वर हाय, मधलं असेल तर दोन्ही दिवे बंद. क्षणभराचा पल्सही तो डोळ्याला दिसेल एवढा लांबवून दाखवतो. ७४ मालिकेच्या आयसींनी भरलेला जुना बोर्ड दुरुस्त करताना फार सोयीचा. टीटीएल-सीमॉस (आयसींचे दोन प्रकार) असं बटण असेल तर ते आधी योग्य जागी सरकवा.

४. ऑसिलोस्कोप निवडताना बँडविड्थ म्हणजे काय ते समजून घ्या

१०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह पूर्ण उंचीची दिसत नाही, ७० टक्क्यांच्या आसपास दिसते. ज्या फ्रिक्वेन्सीला उंची एवढी घटते, तिलाच बँडविड्थ म्हणतात. डिजिटल सिग्नलमध्ये तर कडा, म्हणजे लो-हायमधल्या उड्या, महत्त्वाच्या. ०.३५ ला बँडविड्थने भागलं की स्कोप स्वतः किती वेगाची कड दाखवू शकतो ते कळतं. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद. चौकोनी लहर नीट बघायची तर तिच्या फ्रिक्वेन्सीच्या निदान पाचपट बँडविड्थ हवी.

किटमधून जोडायचे तळहाताएवढे स्कोप २०० किलोहर्ट्झपर्यंतच बघू शकतात. ऑडिओ शिकायला ते ठीक आहेत. पण आपल्या पट्टीचा डेटा ८०० किलोहर्ट्झचा, तो त्यावर दिसणारच नाही. माझ्या मते शिकणाऱ्याला दोन चॅनेल आणि ५० ते १०० मेगाहर्ट्झ पुष्कळ झाले. जाहिरातीत ‘सेकंदाला १ अब्ज सॅम्पल’ (एवढ्या वेळा मोजतो) असं लिहिलेलं असलं तरी दोन्ही चॅनेल चालू केले की अनेक स्कोपमध्ये ते अर्धे होतात. मॅन्युअलमध्ये ही ओळ शोधा.

५. प्रोब आधी जुळवून घ्या

प्रोबवर १एक्स-१०एक्सचं बटण असतं. नेहमी १०एक्सवर ठेवा. त्या जागी प्रोबमध्ये ९ मेगाओमचा रोध येतो, स्कोपचा १ मेगाओम मिळून सर्किटला १० मेगाओम दिसतो. त्याहून महत्त्वाचा फायदा कपॅसिटन्सचा: १एक्सवर प्रोब सर्किटला १०० पिकोफॅरडच्या आसपास ओझं लावतो, १०एक्सवर साधारण १० ते १५. क्रिस्टल ऑसिलेटरच्या (चिपला ठेका देणाऱ्या भागाच्या) पायावर १एक्सचा प्रोब ठेवला तर तो बंदच पडू शकतो आणि आपण क्रिस्टलला दोष देतो. प्रोब टेकवला की तो सर्किटचाच एक भाग होतो. काहीही विचित्र दिसलं की पहिला प्रश्न हाच: हे आधीपासून असं आहे की मी हात लावल्यामुळे झालंय?

जुळवणी अशी करायची:

- प्रोब १०एक्सवर, स्कोपच्या मेनूतही त्या चॅनेलला १०एक्स. हे दोन जुळले नाहीत तर आकडे दहापट चुकतील.
- स्कोपच्या पुढच्या बाजूला १ किलोहर्ट्झ चौकोनी लहर देणारी पट्टी असते, तिथे प्रोब आणि क्लिप लावा.
- लहरीचे माथे सपाट होईपर्यंत प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या ड्रायव्हरने फिरवा. सुरुवातीला टोक वर आलं तर जास्त झालं, कोपरा गोल राहिला तर कमी पडलं.

प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावलात तर पुन्हा तपासा. यात अर्धं मिनिट जातं.

६. ग्राउंड क्लिप

या पायरीवर घाई करू नका. बाकी काही विसरलात तर उपकरण चुकीचा आकडा दाखवेल, पण इथे चुकलात तर जिवावर बेतू शकतं.

प्रोबची छोटी मगर-क्लिप स्कोपच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते, आणि ते अंग तीन-पिनी प्लगमधून थेट घराच्या अर्थिंगला. म्हणजे क्लिप जिथे लावाल तो बिंदू तुम्ही अर्थला बांधता. तो बिंदू आधीच अर्थच्या पातळीवर असेल तर काही होत नाही. नसेल तर शॉर्ट.

एसएमपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची बाजू ब्रिज रेक्टिफायरमधून थेट २३० व्होल्टला जोडलेली असते. मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि त्याचं ‘मायनस’ म्हणजे अर्थ नव्हे. मी ते ग्राउंड समजून क्लिप लावली. निळा जाळ झाला, एमसीबी पडला, क्लिपचे दात वितळले आणि प्रोब गेला. स्कोप वाचला तो नशिबाने.

यावर बाजारात सर्रास सांगितले जाणारे दोन उपाय चुकीचे आहेत. पहिला, स्कोपची अर्थ-पिन काढून टाकणं. मग क्लिप ज्या बिंदूला लावली त्याचंच व्होल्टेज स्कोपच्या सगळ्या धातूच्या भागांवर येतं आणि तुम्ही त्याच्या बटणांना हात लावत असता. दुसरा, सिरीज बोर्ड. दुरुस्तीवाले बल्ब सिरीजमध्ये लावतात, त्याने करंट मर्यादित राहतो, जाळ होत नाही. पण सर्किट मेनपासून वेगळं होत नाही, शॉक तेवढाच बसतो.

खरे उपाय म्हणजे डिफरन्शियल प्रोब (कुठलाही बिंदू अर्थला न बांधता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) किंवा तपासायच्या उपकरणाला, स्कोपला नव्हे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनपासून वेगळं करणारा). त्या ट्रान्सफॉर्मरनंतर मात्र ईएलसीबीचं (गळती झाली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं) संरक्षण तुम्हाला मिळत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी तर एसएमपीएसची मेनची बाजू उघडूच नका. ५ व्होल्टच्या बाजूला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहू शकतो.

क्लिप लावण्याआधीची माझी तपासणी ही:

- सर्किटचं ग्राउंड आणि स्कोपच्या बीएनसी सॉकेटचं (प्रोब जोडायच्या जागेचं) बाहेरचं कडं यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. आधी एसीवर, मग डीसीवर.
- दोन्ही शून्याजवळ असतील तर क्लिप लावा.
- दोन-पिनी अडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटला इथे शंभरएक व्होल्ट एसी दिसू शकतात. अडॅप्टर धड असेल तर ही आतल्या छोट्या कपॅसिटरमधून येणारी गळती असते, लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर जाणवते ती. अशा वेळी सगळं बंद ठेवून ग्राउंड आधी जोडा, मगच सप्लाय सुरू करा. उलट क्रमाने केलं तर ती ठिणगी डेटाच्या पायातून आयसीत शिरते.
- हे दोन्ही सोडून तिसरंच काही दिसलं तर क्लिप लावू नका.

दोन्ही चॅनेलच्या क्लिप आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या सर्किटच्या दोन वेगळ्या पातळ्यांना लावल्या की स्कोपमधूनच शॉर्ट होतो. एकच क्लिप लावा किंवा दोन्ही एकाच बिंदूला.

७. ट्रिगर: चित्र थांबवायला शिका

जर्मन शास्त्रज्ञ ब्राउनने कॅथोड-रे नळी (जुन्या स्कोपचा पडदा) १८९७ मध्ये दाखवली, पण रोजच्या कामात स्कोप भरवशाचा झाला तो ट्रिगरमुळे. १९४७ च्या टेक्ट्रॉनिक्स ५११ या स्कोपचं मोठेपण त्यातच होतं. लहर एका ठरावीक पातळीला पोचली की तिथूनच चित्र काढायला सुरुवात करायची, म्हणजे ते जागच्या जागी उभं राहतं.

‘ऑटो’ बटण दाबून काम भागवायची सवय लावू नका. एकसारख्या लहरीला ते चालतं, पण थांबून थांबून येणाऱ्या डेटाला नाही. पट्टीसाठी असं लावा: मोड नॉर्मल, चढती कड, पातळी १.५ व्होल्ट, आडवी पट्टी १ मायक्रोसेकंद प्रति घर. तरीही चित्र उड्या मारेल, कारण निरोपाच्या मधल्या कुठल्याही कडेवर ट्रिगर लागतो. होल्डऑफ, म्हणजे एका ट्रिगरनंतर पुढचा घेण्याआधी थांबायचा वेळ, ५ मिलिसेकंद करा. आपला निरोप ३.६ मिलिसेकंदांचा, म्हणजे होल्डऑफ संपतो तो नेहमी मधल्या शांत वेळेत आणि पुढचा ट्रिगर निरोपाच्या पहिल्याच कडेवर लागतो. हे मला जमलं त्या दिवशी स्कोपची भीती गेली.

कधीतरीच घडणारी गोष्ट पकडायची असेल तर ‘सिंगल’ लावून वाट बघा. आणि सप्लायवरची लहर बघायची असेल तर एसी कपलिंग (स्थिर डीसी वगळून फक्त बदल दाखवणारं सेटिंग), २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ-मर्यादा चालू, आणि लांब क्लिपऐवजी ती बारीक स्प्रिंग. लांब क्लिपची तार अँटेनासारखी आजूबाजूचा गोंगाट पकडते आणि चांगला सप्लायही वाईट दिसतो.

८. लॉजिक अ‍ॅनालायझर: कोण काय बोललं ते वाचायला

स्वस्त ८ चॅनेलचे अ‍ॅनालायझर सेकंदाला २.४ कोटी सॅम्पल घेतात आणि सिगरॉक प्रकल्पाच्या पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. विंडोजवर उपकरण दिसलं नाही तर घाबरू नका, झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने ड्रायव्हर बदलावा लागतो.

सॅम्पलिंग सिग्नलच्या निदान चौपट ठेवा. पट्टीच्या भाषेत एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा: शून्य असेल तर सुमारे ०.४ हाय, एक असेल तर सुमारे ०.८. पूर्ण वेगावर ०.४ मायक्रोसेकंदांत ९-१० सॅम्पल बसतात, म्हणजे शून्य आणि एक यांत गोंधळ होत नाही. पल्सव्ह्यूत या एलईडींचा डिकोडर तयार आहे. रंगांचा क्रम हिरवा, लाल, निळा असा असतो. लाल मागितल्यावर हिरवा लागला तर आधी हा क्रम तपासा.

इनपुटला ५ व्होल्टच्या वर काही देऊ नका, १२ व्होल्टच्या पट्टीच्या वायरला चुकून टेकला तरी संपला. आणि हा लॅपटॉपला जोडलेला असतो, तेव्हा सहाव्या पायरीतली ग्राउंडची तपासणी इथेही करा.

९. मखराच्या पट्टीत नेमकं काय झालं होतं

अ‍ॅनालायझरवर सगळे बिट बरोबर होते. पण अ‍ॅनालायझर प्रत्येक क्षणी एवढंच विचारतो: व्होल्टेज माझ्या रेषेच्या वर की खाली? माझ्याकडच्या अ‍ॅनालायझरची ती रेषा दीड-दोन व्होल्टच्या मध्ये कुठेतरी. ३.३ आला काय आणि ५ आला काय, त्याच्या लेखी दोन्ही ‘एक’.

पट्टीचं मत वेगळं होतं. तिच्या डेटाशीटप्रमाणे हाय म्हणजे सप्लायच्या ०.७ पट. ५ व्होल्टवर ३.५. ईएसपी३२ देतो ३.३. स्कोपवर लहरीचा माथा ३.३ वर सपाट दिसला आणि उत्तर समोर होतं. पट्टी कधी ‘एक’ ऐकत होती, कधी नाही. आणखी एक कोडंही सुटलं: सगळे दिवे पूर्ण उजळले की फडफड थांबायची. भाराने सप्लाय ४.५ पर्यंत घसरला की गरज ३.१५ वर येते आणि ३.३ पुरतो. म्हणजे सप्लाय खराब झाला की पट्टी नीट चालायची!

उपाय म्हणून ७४एचसीटी१२५ ही आयसी ५ व्होल्टवर लावली. ती २ व्होल्टच्या वरचं सगळं हाय मानते आणि बाहेर पूर्ण ५ व्होल्ट देते. नावातला ‘टी’ महत्त्वाचा आहे. नुसती ७४एचसी१२५ घेतलीत तर तीही ३.५ व्होल्टच मागेल. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणेल, तरी आयसीवरचं छापील नाव वाचूनच पैसे द्या. डेटाच्या वायरीत ३३० ओम आणि पट्टीच्या सुरुवातीला सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला.

१०. चालू सर्किटची लहर जपून ठेवा

दुरुस्ती झाली की बहुतेक जण लगेच सगळं आवरतात. त्याआधी स्कोपमध्ये पेनड्राइव्ह लावून पहिल्या एलईडीच्या डेटाच्या पायावरची लहर, आणि पल्सव्ह्यूत एक पूर्ण निरोप जतन करा. फाइलच्या नावात तारीख, मोजलेला बिंदू, प्रोब १०एक्स की १एक्स आणि त्या वेळचा सप्लाय लिहा. पुढच्या वेळी बिघाड झाला की शेजारी ठेवायला चांगली लहर असते. माझ्या फाइलमध्ये मखराच्या तीन वर्षांच्या लहरी आहेत. यंदा पट्टीचा सातवा दिवा गेला, तेव्हा सहाव्याच्या बाहेर जाणाऱ्या डेटाची लहर जुनीशी जुळली, सातव्याच्या बाहेर काहीच नव्हतं. तेवढा एक दिवा कापून नवा डकवला आणि आरतीच्या आधी पट्टी पेटली.